पहिली पॉलिसी नात्यात नको



दशलक्षण पर्व संपल्यापासून तीन-चार जणींनी मला एकच प्रश्न विचारला आहे. "ताई, विम्याचं काम घ्यावं का? आणि घेतलं तर गिऱ्हाईक आणायचं कुठून?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: घ्यावं. दुसऱ्याचं उत्तर मात्र मी जरा वेगळं देते. बहुतेक ठिकाणी नव्या एजंटला सांगतात, वही काढा, ओळखीच्या शंभर जणांची नावं लिहा आणि सुरुवात घरापासून करा. आधी माहेर, मग सासर, मग मंदिरातल्या बायका. मी म्हणते, पहिली पॉलिसी नात्यात नको. मंदिरात तर नकोच.

मी हे काम करते आहे म्हणून बोलते. तुळजापूरसारख्या गावात आपल्या समाजाची घरं मोजकी. प्रत्येक घरातलं प्रत्येकाला माहीत. त्यामुळे इथे कोणता धंदा कसा करायचा, याचा विचार पुण्या-मुंबईपेक्षा जास्त करावा लागतो.

आधी हिशेब समजून घ्या

आता बऱ्याच जणी या कामाकडे वळतात त्या विमा सखी योजनेमुळे. पंतप्रधानांनी ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपतला ही योजना सुरू केली आणि आयुर्विमा महामंडळ ती चालवतं. १८ ते ७० वयाची, दहावी पास झालेली कोणतीही बाई अर्ज करू शकते. पहिल्या वर्षी महिन्याला ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन मिळतं. कमिशन त्याशिवाय. घरात कुणी जवळचं माणूस आधीच महामंडळाचं एजंट किंवा कर्मचारी असेल, तर मात्र या योजनेत बसता येत नाही. तेवढं आधीच विचारून घ्या.

परीक्षेला घाबरू नका. पन्नास प्रश्न, एक तास, पासिंग ३५ टक्क्यांना, आणि पेपर मराठीतून देता येतो. पाठशाळेत आपण मुलांकडून जेवढं पाठ करून घेतो, त्यापेक्षा हे कमी आहे.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. हे विद्यावेतन म्हणजे पगार नव्हे आणि ही नोकरीही नव्हे. वर्षाला २४ जणांचा विमा उतरवायचा आणि पहिल्या वर्षाचं कमिशन ४८,००० रुपयांपर्यंत न्यायचं, अशी अट आहे. म्हणजे महिन्याला दोन पॉलिसी. ऐकायला सोपं वाटतं. पण दुसऱ्या वर्षीचं विद्यावेतन हवं असेल, तर पहिल्या वर्षी केलेल्या पॉलिसींपैकी निदान ६५ टक्के चालू राहिलेल्या असाव्या लागतात. माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ या एका अटीत आहे. ती पुन्हा एकदा वाचा.

हा धंदा श्राविकेला शोभतो का?

वडीलधाऱ्या बायका हे विचारतात आणि ते विचारायलाच हवं. "माणसाच्या मरणावर कसला पैसा लावता?" असं एक आजी मला म्हणाल्या. त्यांना मी सांगितलं ते इथेही सांगते. विमा म्हणजे पैज नाही. वाटेल त्या माणसाचा विमा मला काढता येत नाही. ज्याच्या जाण्याने माझं खरोखर नुकसान होणार आहे, त्याच्याच आयुष्याचा विमा काढता येतो, असा नियम आहे.

बारा भावनांमधली अशरण भावना आपण रोज म्हणतो. मृत्यूपासून कुणी कुणाला वाचवू शकत नाही. विमा तरी कुठे म्हणतो की मी वाचवीन? तो एवढंच म्हणतो की मागे राहिलेल्या मुलाची फी भरली जाईल आणि दुकानाचं कर्ज बाईच्या डोक्यावर पडणार नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कुंथलगिरीवर १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. मृत्यूकडे उघड्या डोळ्यांनी कसं पाहावं हे जिथे शिकवलं गेलं, तिथल्या बायकांनी घरात "तुम्ही नसलात तर आमचं काय?" हा प्रश्न विचारायला कचरू नये.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाटही आपल्याकडच्या मोठ्यांना आठवत असेल. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, पर्वाची सांगता झाली होती, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूरची जमीन हलली. हजारो माणसं गेली. "आपल्या घरी असं काही होत नाही" हे वाक्य निदान या जिल्ह्यात कुणी बोलू नये.

अपरिग्रहाचं म्हणाल, तर माझ्या मते साधी टर्म पॉलिसी हीच आपल्या विचाराला सगळ्यात जवळची. तिच्यात साठवण नाही. गरज आहे तेवढं संरक्षण, थोड्या हप्त्यात. माणूस मुदतीनंतर सुखरूप असला तर काही परत मिळत नाही, आणि त्याचं वाईट वाटण्याचं कारणही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही उठला आहे, त्यामुळे हप्ता आणखी हलका झाला.

मग नात्यात का नको?

पहिलं कारण भीड. नणंद, जाऊ, मामेसासू तुम्हाला "नाही" म्हणू शकत नाहीत. त्या पॉलिसी घेतात ती गरज म्हणून घेत नाहीत, तुमचं मन राखायला घेतात. आणि मन राखायला घेतलेल्या पॉलिसीचा दुसरा हप्ता येत नाही. पहिल्याच वर्षाचा हप्ता पूर्ण भरला नाही, तर त्यांच्या हाती काहीच लागत नाही. म्हणजे तुमचं कमिशन झालं आणि पैसे त्यांचे बुडाले. वर पुढच्या वर्षी तुमची ६५ टक्क्यांची अटही गेली. आपण म्हणतो ना, कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींचा दोष लागतो. भिडेने दुसऱ्याचे पैसे बुडवणं यातल्या कशात बसतं, ते तुम्हीच ठरवा.

दुसरं कारण म्हणजे फॉर्म. विम्याच्या प्रस्तावात माणसाचं उत्पन्न, आजार, ऑपरेशनं, तंबाखूची सवय, सगळं लिहावं लागतं. जाऊबाईंची गाठ कधी काढली, भाऊजींना साखर केव्हापासून, हे नात्यातल्या बाईला सांगायला माणूस संकोचतो आणि लपवतो. लपवलं की पुढे क्लेमला अडचण. कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं झाल्यावर पॉलिसीवर शंका घेता येत नाही. पण त्या तीन वर्षांत माणूस गेला आणि लपवलेलं बाहेर आलं, तर विधवेला रिकाम्या हाताने परत यावं लागतं. अनोळखी बाईला मोकळेपणाने सांगितलेलं खरं, नात्यातल्या बाईला सांगितलेल्या अर्ध्या सत्यापेक्षा केव्हाही चांगलं. आणि आपल्याकडच्या बायकांना मुद्दाम विचारा, मिश्री लावता का? ती तंबाखूच आहे. ती लिहायला हवी.

तिसरं कारण मंदिर. अभिषेकाला आलेली बाई तुमचं गिऱ्हाईक नव्हे. ती स्वाध्यायाला बसते तेव्हा तिच्या मनात "आता ही विम्याचं काढणार" अशी धास्ती असेल, तर आपण तिच्या धर्मध्यानात अंतराय आणतो. एकदा बायका आपल्याला पाहून दुसऱ्या दाराने निघून जायला लागल्या, की ते कमिशन कितीला पडलं?

यावर एक उत्तर नेहमी येतं आणि ते खोटं नाही. "ताई, आम्हाला बाहेर फिरू देणार कोण? घरचे म्हणतात, करायचं तर आपल्या लोकांतच कर." मला हे माहीत आहे. आपल्या घरांत बाईने परक्या दुकानाची पायरी चढून धंद्याचं बोलणं अजून सहज झालेलं नाही. पण म्हणूनच मी हे आग्रहाने लिहिते. नात्यातली चोवीस नावं वर्षभरात संपतात. पंचविसावं नाव कुठून आणणार? तिथे काम बंद पडतं आणि घरचे म्हणतात, "बघ, सांगितलं होतं." ज्या बाईला पहिल्या वर्षी उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही, तिचं काम दुसऱ्या वर्षी घरातच मिटतं. तेव्हा घरच्यांशी बोलणी करायची असतील, तर ती काम घेण्याआधी करा. विद्यावेतनाच्या आकड्याइतकंच हेही ठरवून घ्या: आठवड्यातले कोणते तास मी बाहेर असेन आणि तेव्हा घर कोण बघेल.

वेळेच्या बाबतीत आपल्याला एक सोय आहे, ती वापरा. सूर्यास्तापूर्वी जेवणं उरकणाऱ्या घरात सात वाजता ओटा स्वच्छ असतो. दुसऱ्यांच्या घरी तेव्हा माणसं कामावरून परत येत असतात. ती एक तासाची वेळ भेटीसाठी सगळ्यात चांगली. जाताना सोबत सासूबाईंना किंवा मुलाला घ्या. त्यात कमीपणा नाही.

गिऱ्हाईक आहे तरी कुठे?

तुळजापुरात राहून हा प्रश्न पडावा याचं मला नवल वाटतं. आई तुळजाभवानीच्या दर्शनाला येणाऱ्या लोकांवर अख्खं गाव पोट भरतं. महाद्वाराच्या रस्त्याला हळदी-कुंकू, बांगड्या, कवड्यांच्या माळा, परड्या विकणाऱ्या बायका बघा. लॉजवर काम करणारी पोरं, सोलापूरच्या रस्त्यावर जीप चालवणारे, पेढेवाले, फुलवाले. यातल्या बहुतेकांच्या घरात कमावणारं माणूस एकच आणि त्याच्यामागे पेन्शन नाही, फंड नाही. विम्याची गरज आपल्या नात्यातल्या दुकानदारापेक्षा या घरांना जास्त आहे.

पण त्यांच्याकडे जायची वेळ आणि रीत असते. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला त्यांच्या दुकानासमोर उभं राहू नका, ती त्यांची कमाईची वेळ. एखाद्या बुधवारी दुपारी जा, बसायला स्टूल देतील. हप्ताही त्यांच्या गल्ल्याकडे बघून ठरवा. ज्यांची वर्षाची कमाई नवरात्रात आणि अश्विनी पौर्णिमेच्या गर्दीत होते, त्यांना महिन्याचा हप्ता लावणं म्हणजे पॉलिसी बंद पाडणं. वार्षिक हप्ता ठेवा आणि पॉलिसी नवरात्र झाल्यावर सुरू करा, म्हणजे दर वर्षी हाती पैसा असतानाच हप्ता येईल. अणदूर, काक्रंबा, काटी, सावरगाव अशा गावांतल्या शेतकऱ्यांचं तसंच. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे येतात, तुरीचे त्यानंतर. हप्ता पेरणीच्या तोंडावर आला तर तो बी-बियाण्यात जाणारच, आणि तो गेला म्हणून शेतकऱ्याला दोष देता येणार नाही.

आणि जाल तेव्हा पहिल्या भेटीत विकायला काही नेऊ नका. मी सुरुवात करते ती अशा गोष्टीपासून, ज्यात मला एक रुपयाही मिळत नाही. बँकेत किंवा पोस्टात खातं असेल तर वर्षाला ४३६ रुपयांत प्रधानमंत्री जीवनज्योती विमा मिळतो, वय १८ ते ५०, दोन लाखांचा. २० रुपयांत अपघाताचा दोन लाखांचा सुरक्षा विमा मिळतो, ७० वर्षांपर्यंत. मे महिन्याच्या अखेरीला खात्यातून आपोआप पैसे कापले जातात, पण त्या दिवशी खात्यात शिल्लक नसेल तर संरक्षण तुटतं. बांगड्यांच्या दुकानातल्या बाईला एवढं सांगितलंत आणि पासबुकात ती नोंद शोधून दाखवलीत, तरी तुमची ओळख झाली. पुढे कधी मोठा विमा घ्यायचा झाला, तर ती कुणाला विचारेल?

दुसरं काम जुन्या पॉलिसींचं. जवळजवळ प्रत्येक घरात कपाटाच्या तळाशी एखादा जुना बॉण्ड असतो. काढून बघा. नॉमिनी म्हणून आईचं नाव असतं आणि आई जाऊन दहा वर्षं झालेली असतात. लग्न झालं, मुलं झाली, बायकोचं नाव लावायचं राहून गेलं. ते बदलायला एक साधा फॉर्म लागतो. काही पॉलिसी मधेच बंद पडलेल्या असतात. पहिला हप्ता चुकल्यापासून पाच वर्षांच्या आत बहुतेक साध्या पॉलिसी व्याज भरून पुन्हा सुरू करता येतात. या कामाला कमिशन नाही, पण लीड म्हणतात तो यातूनच मिळतो. ज्या घराचा नॉमिनी तुम्ही दुरुस्त केला, त्या घराचं दार तुम्हाला पुन्हा उघडं असतं.

आपल्या दुकानदार घरांसाठी एक गोष्ट

कुणी आपल्या समाजातलं स्वतःहून विचारायला आलं, तर नाही म्हणू नका. मी नात्यात विकू नका म्हणते ते मागे लागून विकू नका या अर्थाने. आणि असं कुणी आलं, तर एक गोष्ट जरूर सांगा, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे. विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्याचा विमा या कायद्याखाली बायको-मुलांच्या नावे काढला, तर ती रक्कम फक्त त्यांचीच राहते. दुकानावर बँकेचं कर्ज असो, भागीदारीतली देणी असोत, घेणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. मात्र हे प्रस्ताव भरतानाच लिहावं लागतं, मागाहून घालता येत नाही, आणि एकदा लिहिलं की नवऱ्याला ते मोडताही येत नाही. आडत, भुसार, कापड, ज्यांच्या ज्यांच्या घरात उधारीवर धंदा चालतो, त्या घरातल्या बाईने हे एक वाक्य पाठ करून ठेवावं.

तीन गोष्टींना नाही म्हणा

काही गिऱ्हाईकं सरळ म्हणतात, "पहिला हप्ता तुम्ही भरा, नाहीतर दुसऱ्याकडून घेतो." कमिशनमधला वाटा गिऱ्हाईकाला देणं विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे बेकायदा आहे. देणारा आणि घेणारा दोघंही दोषी, दंड दहा लाखांपर्यंत. कायदा बाजूला ठेवला, तरी स्वतःच्या खिशातून विकत घेतलेलं गिऱ्हाईक हे गिऱ्हाईक नव्हे.

"पैसे दुप्पट होतात" हे वाक्य बोलू नका. बोनस घोषित होतो तेवढाच मिळतो. कागदावर जे हमीचं म्हणून छापलं आहे, तेच तोंडाने सांगा. सत्याणुव्रत फक्त दशलक्षणातल्या पाचव्या दिवसापुरतं नसतं.

आणि वृद्ध माणसाच्या गळ्यात पंचवीस वर्षांची पॉलिसी घालू नका. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांच्या आत ती नको म्हणून परत करता येते, हे प्रत्येकाला स्वतः सांगा. ज्या एजंटला हे सांगायची भीती वाटते, तिने काय विकलं आहे ते तिला चांगलं माहीत असतं.

शेवटी एवढंच

या कामात पैसा हळूहळू येतो. पण तो बाईच्या स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या नावाने येतो. सोलापूरच्या श्राविकाश्रमात पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी आयुष्यभर हेच सांगितलं, की बाईने शिकावं आणि स्वतःच्या पायावर उभं राहावं. स्वतःच्या पायावर उभं राहणं नणंदेच्या भिडेवर होत नाही. पहिल्या पाच पॉलिसी अशा घरात करा, जिथे तुमचं आडनाव कुणाला माहीत नाही. त्या पाच घरांत हप्ता वेळेवर आला, तर समाजातली माणसं तुम्हाला शोधत येतील.

आणि ज्यांना एजंट व्हायचं नाही, त्या मैत्रिणींनीही आज रात्री घरातला एखादा जुना बॉण्ड काढून नॉमिनीचं नाव वाचावं. ते नाव तुमचं नसेल, तर उद्या सकाळी दुकानात जायच्या आधी यजमानांना विचारा.

जय जिनेंद्र.